लिटल मोर्टन हॉल : एका लाकडी वाड्याचे ऐतिहासिक वाचन

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात, काँगल्टन या गावापासून काही मैलांवर, खंदकाने वेढलेल्या जागेवर लिटल मोर्टन हॉल हा लाकडी सांगाड्याचा वाडा उभा आहे. ट्यूडरकालीन वास्तुकलेचा विषय निघाला की या वाड्याचे छायाचित्र हमखास पुढे येते. वाकलेल्या भिंती, उतरती जमीन आणि काळ्या लाकडांमधील पांढरी चौकटनक्षी हे त्याचे सर्वपरिचित रूप होय. मात्र हे रूप सोळाव्या शतकातील बांधणाऱ्यांना अभिप्रेत होते असे मानणे योग्य ठरत नाही. वाड्याचा वाकडेपणा हा एका हौसेचा परिणाम आहे, त्याचा काळा-पांढरा रंग प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अभिरुचीचा आहे आणि तो आजवर टिकून राहिला याचे श्रेय मालकांच्या वैभवापेक्षा त्यांच्या दारिद्र्याला अधिक द्यावे लागते, असे प्रस्तुत निबंधात प्रतिपादन केले आहे.

मोर्टन घराणे हे जमीनदारांचे, सरदारांचे नव्हे. १३४८ च्या प्लेगनंतर ओस पडलेल्या जमिनी आणि पुढे आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर विक्रीस निघालेल्या जमिनी घेऊन या घराण्याने आपला विस्तार केला. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्याकडे सुमारे १,३६० एकर जमीन होती. वाड्याचा सर्वांत जुना भाग, म्हणजे मधले मोठे दालन व त्याला लागून असलेला पूर्वेकडील भाग, सुमारे १५०४ ते १५०८ या काळातील आहे. त्यानंतर शंभर वर्षे, १६१० च्या सुमारापर्यंत, तीन पिढ्या त्यात भर घालीत राहिल्या. त्यामुळे चौकाभोवतीची ही इमारत एका आराखड्यातून निघालेली नाही, हे तिच्या विस्कळीत मांडणीवरून सहज लक्षात येते.

बांधणीचे तंत्र थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. दगडी जोत्यावर ओकच्या जाड तुळया आडव्या टाकून त्यांवर खांब उभारले जात. एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्यात कोरलेल्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकली जाई. मुख्य सांध्यांत लोखंडी खिळ्याचे काम नसे. लाकूड ओले असतानाच कापले जाई, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. उभारणीनंतर ते हळूहळू वाळे, आकसे आणि थोडेफार पीळही घेई. मधले गाळे कुडाने भरले जात. काठ्यांच्या विणीवर माती, शेण व गवत यांचा गिलावा, ही पद्धत मराठी वाचकास नवी नाही. कुडावर इमारतीचा भार नसतो. सारा भार सांगाडा वाहतो. तो ताठ राहावा म्हणून खांबांमध्ये तिरपे दांडे बसवीत, आणि याच दांड्यांना वळणे देऊन येथील सुतारांनी नक्षी साधली आहे.

या सुतारांपैकी एकाचे नाव आपणास ठाऊक आहे. १५५९ मध्ये विल्यम मोर्टन याने चौकाच्या बाजूस दोन मोठ्या, बाहेर काढलेल्या खिडक्या बसवून घेतल्या. त्यांच्यावरील कोरीव लेखात मालकाचे नाव व साल आहेच, शिवाय रिचर्ड डेल या सुताराने त्या केल्याचीही नोंद आहे. मालकाबरोबर कारागिराने आपले नाव कोरावे ही गोष्ट त्या काळी विरळाच. त्या नोंदीत शब्दांची वर्णरचनाही ओबडधोबड आहे. तिच्यावरून सुताराच्या प्रतिष्ठेचा अंदाज बांधता येतो, विद्वत्तेचा मात्र नाही!

खरा पेच उद्भवला तो १५६० ते १५६२ च्या सुमारास. दक्षिणेकडे देवडीसह नवा भाग बांधला गेला आणि त्याच्या माथ्यावर सुमारे ६८ फुटांचे लांब दालन चढविण्यात आले. पावसाळी हवेत फेऱ्या मारण्यासाठी व खेळांसाठी असे दालन असणे हे तेव्हा श्रीमंतीचे लक्षण होते. त्याच्या तक्तपोशीमागे टेनिसचे जुने चेंडूही सापडले आहेत. दालनाच्या लांबीभर खिडक्या असल्यामुळे तिरप्या दांड्यांना भिंतीत जागाच उरली नाही. त्यावर छपरासाठी जड दगडी फरशा घातल्या गेल्या. खालच्या मजल्यांना हे ओझे पेलले नाही. तुळया खाली झुकल्या व भिंती बाहेर फुगल्या. विटांची इमारत अशा वेळी तडकली असती. लाकडी सांध्यांना हालचालीस वाव असतो, म्हणून ही वाकली. पुढे तिला पोलादी सळ्यांचा आधार द्यावा लागला. दालनाच्या दोन टोकांना गिलाव्यात दैव आणि नियती यांच्या आकृती आहेत. एकीच्या चक्रावर अज्ञानाची सत्ता, दुसरीच्या गोलावर ज्ञानाची. ही कल्पना रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाच्या १५५६ मधील खगोलविषयक ग्रंथावरून घेतलेली आहे. बरोबरीचे चिन्ह प्रथम छापणारा तो हाच.

१६४२ मध्ये सुरू झालेल्या गृहयुद्धात मोर्टन घराणे राजाच्या पक्षात होते. पार्लमेंटच्या बाजूने मालमत्ता जप्त केली व वाड्यात सैनिक ठेवले. मालमत्ता परत मिळाली, परंतु कर्ज फिटले नाही. पुढे वाडा शेतकरी कुळांकडे भाड्याने गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यातील प्रार्थनागृहात कोळसा साठवला जात होता. सुस्थितीतील जमीनदार या काळात जुने लाकडी वाडे पाडून वा विटांनी मढवून नव्या धर्तीची घरे बांधीत होते. मोर्टन कुटुंबापाशी तेवढा पैसा नव्हता, एवढेच. १८९२ मध्ये वारसाहक्काने मालक झालेल्या एलिझाबेथ मोर्टन या जोगिणीने प्रार्थनागृहाची दुरुस्ती केली. १९१२ मध्ये तिने वाडा कधीही विकू नये अशी अट घालून तो आपले आप्त बिशप चार्ल्स अब्राहम यांना दिला. १९३८ मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे आला.

आता रंगाविषयी. लाकडाला डांबर फासून गाळे पांढरे रंगविण्याची रीत व्हिक्टोरियाच्या काळात रूढ झाली. त्यापूर्वी ओक बहुधा नैसर्गिक रंगात सोडला जाई वा त्यावर चुना मारला जाई. याच काळ्या-पांढऱ्या प्रतिमेची नक्कल पुढे शिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी इंग्रजांनी केली. म्हणजे 'जुने इंग्लंड' म्हणून आपल्याकडे जे पोहोचले, ते त्या प्रतिमेपुरते तरी बरेचसे नवे होते.

वाड्याच्या अंतर्भागाला तर काळ्या-पांढऱ्याचा नियम मुळीच लागू नव्हता. १९७६ मध्ये बैठकीच्या खोलीतील नंतरच्या काळात बसविलेली तक्तपोशी काढली असता मागे सोळाव्या शतकातील चित्रे उघडकीस आली. वरच्या पट्टीत सुझॅनाची बायबलशी निगडित कथा चित्रित आहे. तिच्या खाली लाकडी फळ्यांचा भास व्हावा अशी भिंत रंगविलेली आहे.