रथांची मैदाने : नाव, आकार आणि जागा

सर्कस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तंबू, झुले आणि विष्णुपंत छत्रे उभे राहतात. छत्र्यांनी १८८० च्या सुमारास मराठी मुलुखात सर्कस रुजवली. लॅटिन भाषेत मात्र ‘सर्कस’ म्हणजे रथांच्या शर्यतीचे मैदान. प्राचीन रोममध्ये अशी मैदाने एकाहून अधिक होती आणि आज त्यांची ठिकाणे ओळखताना पुष्कळांची गफलत होते. म्हणून ओळखीच्या खुणा मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली खूण आकाराची. रथमैदान लांबट व अरुंद. एक टोक अर्धवर्तुळाकार, दुसऱ्या टोकाला रथ सोडण्याची दारे, मधोमध लांब कणा. त्याभोवती सहसा सात फेरे होत. इ.स. ८० मध्ये खुले झालेले कलोसियम लंबवर्तुळाकार असून ते झुंजींसाठी होते.

दुसरी खूण उपयोगाची. पियाझ्झा नव्होना हा चौक रथमैदानासारखाच दिसतो. परंतु त्याच्या तळाशी सम्राट डोमिशियनने पहिल्या शतकात बांधलेले धावपटूंचे क्रीडांगण आहे. त्याला ना रथांची दारे, ना कणा.

तिसरी व निर्णायक खूण जागेची. नव्होनातील कारंज्यावरचा स्तंभ ॲपियन मार्गावरील मॅक्सेन्शियसच्या रथमैदानातून आणलेला आहे. सेंट पीटर्स चौकातला स्तंभ नीरोच्या मैदानातला. तो १५८६ मध्ये तेथे हलवला. सर्कस मॅक्सिमसचे दोन्ही स्तंभ आज लॅटरन व पियाझ्झा देल पोपोलो येथे आहेत. ते मैदान मात्र पॅलेटाइन व ॲव्हेंटाइन टेकड्यांमधल्या दरीत, सुमारे ६०० मीटर लांबीची मोकळी जागा होऊन पडले आहे. स्तंभ हलले, दरी हलली नाही.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात. विदर्भात शर्यतीला ‘शंकरपट’ म्हणतात. नुसते ‘घाट’ ऐकणारा परका माणूस तेथे नदीच्या पायऱ्या शोधील. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. इतकी वर्षे रिकाम्या राहिलेल्या मैदानाची ओळख पुसायला फारसा वेळ लागत नाही.

डिंडोलीत स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी गावाकडची बोली सोबत आणली. जमीन आणता आली नाही. आपल्या गावची शर्यत किंवा यात्रा कोठे भरे, ओढ्याच्या कोणत्या अंगाला, कोणत्या टेकडीखाली, हे जाणत्या माणसांकडून विचारून तारखेसह लिहून ठेवावे. शेताचे मालक आणि गट क्रमांक बदलतील; ओढा व टेकडी यांच्या आधारे नातवंडांना ती जागा सापडेल.