संलग्न प्रकार व पूर्वनिर्धारित पद्धती (रस्ट)

संलग्न प्रकार व पूर्वनिर्धारित पद्धती ही रस्ट या संकलित आज्ञावली भाषेतील ट्रेट ह्या रचनेची दोन अंगे होत. एखाद्या विदाप्रकाराने कोणती कामे करून दाखवली पाहिजेत, याचा करार म्हणजे ट्रेट. एखादे काम कसे करायचे हे ट्रेटमध्येच लिहिलेले असेल, तर ती पूर्वनिर्धारित पद्धती. आणि त्यातून मिळणाऱ्या मूल्याचा प्रकार करार पाळणाऱ्यावर सोपवला असेल, तर तो संलग्न प्रकार. (ट्रेटला 'गुणविशेष' म्हणता येईल, पण त्यातून कराराचे बंधन व्यक्त होत नाही, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.)

इटरेटरचे उदाहरण

प्रमाण ग्रंथालयातील इटरेटर या ट्रेटमध्ये दोन्ही अंगे एकत्र दिसतात. क्रमाने एकेक घटक देणाऱ्या प्रकाराला तो लागू करताना दोनच गोष्टी लिहाव्या लागतात : घटक कोणत्या प्रकारचे आहेत हे सांगणारा आयटम हा संलग्न प्रकार, आणि पुढचा घटक देणारी नेक्स्ट ही पद्धती. मॅप, फिल्टर, काउंट, फोल्ड अशा डझनावारी पद्धती मग आयत्या मिळतात. काउंट ही घटक संपेपर्यंत नेक्स्टकडूनच घटक मागवीत मोजत जाते. पूर्वनिर्धारित पद्धतीला त्या प्रकाराची अंतर्गत रचना दिसत नाही. ट्रेटने जाहीर केले आहे तेवढ्यावरच तिला काम भागवावे लागते.

अशी पद्धती नव्याने लिहिताही येते. स्लाइसची लांबी आधीच ठाऊक असल्याने तिचा इटरेटर काउंट स्वतः लिहितो व मोजणी टाळतो. उलट, उरलेल्या घटकांचा अंदाज देणाऱ्या साइझ-हिंट या पद्धतीचे पूर्वनिर्धारित उत्तर 'किमान शून्य, कमाल अज्ञात' असे आहे. ते कधीच खोटे ठरत नाही. पण घटक यादीत गोळा करताना किती जागा राखावी, हे त्यावरून कळत नाही.

प्राचल की संलग्न प्रकार?

आयटम हा ट्रेटचा प्राचल असता, तर एकाच प्रकाराला इटरेटर अनेक वेळा लागू करता आला असता आणि नेक्स्टमधून नेमके काय मिळणार हे संकलकाला प्रत्येक वेळी सांगावे लागले असते. वजाबाकीच्या सब या ट्रेटमध्ये मात्र दोन्ही आहेत : उजवीकडील पद प्राचल, तर उत्तराचा प्रकार संलग्न. म्हणून इन्स्टंट (क्षण) मधून ड्युरेशन (कालावधी) वजा केल्यास क्षण मिळतो, आणि क्षणातून क्षण वजा केल्यास कालावधी.

विकास व मर्यादा

हास्केल भाषेसाठी संलग्न प्रकारांची मांडणी 2005 मध्ये झाली होती. 15 मे 2015 रोजी आलेल्या रस्टच्या 1.0 आवृत्तीत ते होतेच. त्यांना स्वतःचे प्राचल देण्याची सोय 1.65 आवृत्तीत, नोव्हेंबर 2022 मध्ये झाली.

जुन्या ट्रेटमध्ये नवी अनिवार्य पद्धती घातली, तर तो पाळणारी सर्व आज्ञावली मोडते. पूर्वनिर्धारित पद्धती घातल्यास सहसा मोडत नाही. 'सहसा' म्हणण्याचे कारण नामसंघर्ष. इंटरस्पर्स ही पद्धती इटरेटरमध्ये स्थिर करण्याचे काम त्यामुळेच अडले, कारण इटरटूल्स या लोकप्रिय ग्रंथालयात त्याच नावाची पद्धती आधीपासून होती.