आश्रमवासी-कैवारी

वृद्धाश्रमातील रहिवाशाची तक्रार घेऊन त्याच्या बाजूने बोलणारा, संस्थेच्या पगारावर नसलेला मनुष्य. अमेरिकेत अशा कैवाऱ्यांची योजना 1972 मध्ये प्रयोग म्हणून आली. 1978 पासून ती प्रत्येक राज्याला बंधनकारक झाली. भारतात असे पद नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील निर्वाह अधिकारी (कलम 18) आईवडिलांची बाजू मांडतो खरा, पण पोटगीपुरती, तोही सरकारीच. गोव्यातही हाच कायदा लागू. तिथले सरकारी वृद्धाश्रम ‘प्रोव्हेदोरिया’ ही सरकारी संस्था चालवते. गंमत अशी, की पोर्तुगालमध्ये 1975 पासून ‘प्रोव्हेदोर’ म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल. गोव्यात त्याच शब्दाखाली आश्रमाचा चालक येतो. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन : 14567.