रंधा : एका फार्सी शब्दाचा माग

पिंपळवंडीच्या सुतारमेटावर ‘रंधा’ हा शब्द उच्चारताना आपण फार्सी बोलत आहोत, अशी शंकाही कुणाला येत नाही. फार्सीत ‘रंदीदन’ म्हणजे खरवडणे. त्यावरून ‘रंदा’, आणि मराठीत तो झाला ‘रंधा’. जुन्नर आधी बहमनींचे ठाणे होते. १४९४ मध्ये अहमदनगर वसण्यापूर्वी मलिक अहमदचा मुक्कामही येथेच होता. दरबारी फार्सी या परिसराला परकी नव्हती.

मात्र शब्द फार्सी, म्हणून अवजारही परके, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. मग त्यापूर्वी लाकूड गुळगुळीत कसे होई?

कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. तेथील शिलालेखात धेनुकाकटच्या ‘वढकी’ सामीचे, म्हणजे सुताराचे, नाव आहे. लेण्याचे द्वार त्याने घडविले. सुताराने दगडात काम करावे, हे नवल नाही. लेण्याद्रीच्या चैत्यात तर लाकडी कमानींची नक्कलच खडकात कोरलेली आहे.

या काळातील सुताराचे ओळखीचे अवजार म्हणजे ‘वासी’, आपल्या वाकसाच्या जातीचे. संयुत्त निकायात सुताराच्या वासीचा दृष्टान्त येतो: दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात, पण आज तो किती झिजला हे सुताराला सांगता येत नाही.

याच सुमारास रोमन सुतार रंधा वापरीत होते. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रंधे सापडले आहेत. रचना आजचीच: ठोकळा, तिरपे पाते, ते घट्ट धरणारी पाचर.

फरक धारेचा नाही. वाकस किती खोल जाईल हे मनगट ठरविते. रंध्यात ते ठोकळा ठरवितो. पाते तळातून केसभर बाहेर काढले की तेवढीच पातळ ढलपी निघते, हात नवखा असला तरी. (नवख्याला पाते लावता यायला हवे, ही गोष्ट वेगळी!)

बलुत्याची कामे, म्हणजे नांगर, कुळव, पाभर, बव्हंशी वाकसावरच होत. नांगराला आरशासारखी सफाई कशाला? रंध्याची खरी गरज दारे, पेट्या आणि वाड्यांच्या तुळयांना. पुढे १८६७ मध्ये अमेरिकेत लेनर्ड बेलीने पाते स्क्रूने खालीवर करण्याचे पेटंट घेतले, आणि १८६९ मध्ये स्टॅनले कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. पाचर ठोकून पाते बसविण्याचे कसब तेव्हापासून मागे पडू लागले.