कीचकाचा वध आणि प्रेक्षकांचा कौल

सूडकथा पाहणाऱ्या प्रेक्षकाचे मत हा मराठी रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या इतिहासात बहुधा तळटीपेत ढकलला गेलेला विषय आहे. नाटककाराने काय लिहिले, दिग्दर्शकाने काय दाखवले आणि समीक्षकाने त्यावर काय म्हटले याची नोंद राहते. पिटात, म्हणजे पडद्याला किंवा रंगमंचाला अगदी लागून असलेल्या स्वस्त जागेत, बसलेल्या माणसाने खलाच्या मरणाला कशी दाद दिली हे मात्र लिहून ठेवण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. जी काही नोंद सापडते तिचा मोठा भाग सरकारी अधिकारी, पत्रकार आणि परिनिरीक्षक, म्हणजे प्रयोगाला किंवा चित्रपटाला परवानगी देणारे वा नाकारणारे अधिकारी, यांच्यामुळे उरलेला आहे. ज्यांना या प्रेक्षकाची धास्ती वाटत होती त्यांनीच त्याचे मत सर्वांत लक्षपूर्वक ऐकले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे, आणि पुणे, नाशिक व कोल्हापूर या गावांमध्ये ते फार स्पष्टपणे दिसते.

महाभारताच्या विराटपर्वातील कीचकाची कथा ही मराठी प्रेक्षकाच्या परिचयाची सर्वांत जुनी सूडकथा म्हणावी लागेल. अज्ञातवासाच्या, म्हणजे ओळख लपवून काढायच्या तेराव्या वर्षी पांडव मत्स्यदेशाच्या विराट राजाकडे वेष पालटून राहतात. युधिष्ठिर कंक नावाचा दरबारी होतो, भीम बल्लव नावाचा आचारी होतो आणि द्रौपदी सैरंध्री या नावाने राणी सुदेष्णेची दासी होते. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती असलेला कीचक सैरंध्रीची अभिलाषा धरतो, भर सभेत तिचा अपमान करतो आणि तरीही युधिष्ठिर ओळख उघडी पडेल या भीतीने गप्प राहतो. मग रात्रीच्या अंधारात भीम कीचकाचा असा चुराडा करतो की त्याचे हातपाय कोठे आणि डोके कोठे हे ओळखू येऊ नये. अपमान, साहाय्याची याचना, वडीलधाऱ्यांची टाळाटाळ आणि अखेर अंधारातील वध, हा क्रम पुढच्या काळातील कितीतरी सूडपटांनी आपलासा केला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले, तेव्हा ही कथा प्रेक्षकांना नव्याने सांगण्याची गरजच नव्हती. खाडिलकर हे ‘केसरी’ वृत्तपत्रातील टिळकांचे सहकारी होते, १९०५ ची बंगालची फाळणी ताजी होती आणि फाळणी करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन नुकताच मायदेशी परतला होता. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या प्रयोगांत उन्मत्त कीचकाच्या तोंडची वाक्ये ऐकताना कर्झन, सैरंध्रीच्या जागी पराधीन देश, सबुरी सांगणाऱ्या युधिष्ठिराच्या जागी मवाळ पक्ष आणि आवेशाने उठणाऱ्या भीमाच्या जागी जहाल पक्ष, असा अर्थ प्रेक्षक आपोआप लावत असत. नाटकात यांपैकी एकाचेही नाव नाही, आणि या नाटकाच्या सामर्थ्याचे श्रेय जितके लेखकाला तितकेच न लिहिलेले वाचणाऱ्या प्रेक्षकालाही द्यावे लागते.

खाडिलकरांनी मूळ कथेतील नर्तनशाळा बदलून वधाचे स्थळ भैरवाच्या देवळात नेले. देवाच्या मूर्तीच्या जागी भीम स्वतः लपून बसतो, कीचक मद आणि वासना यांच्या भरात गाभाऱ्यात शिरतो आणि ज्याला तो दगड समजतो तेच त्याच्या नरड्याला हात घालते. प्रेक्षकाला मूर्ती कोण आहे हे ठाऊक आणि कीचकाला ठाऊक नाही, यातून निर्माण होणारा ताण आज ज्याला थरारपट म्हणतात त्याच जातीचा आहे. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकात या नाटकाचा मोठा परामर्श घेतलेला असून, त्यात नाट्यगृहातील माणसांचे वर्णन विशेष मोलाचे आहे. पुरुषांचे चेहरे कसे आवळलेले होते, द्रौपदी विनवण्या करीत असताना स्त्रियांचे डोळे कसे चमकत होते, युधिष्ठिराच्या मवाळपणाचा तिटकारा कसा जाणवत होता आणि वधाच्या वेळी सभागृहातून समाधानाचा खोल हुंकार कसा उठत होता, हे सारे तेथे आले आहे. चिरोल हे राष्ट्रीय चळवळीचे उघड विरोधक होते आणि पुढे टिळकांनी याच पुस्तकावरून त्यांच्यावर बदनामीचा दावा लावून तो गमावला. तरीही मराठी प्रेक्षकाच्या मताची इतकी बारीक नोंद त्या काळच्या फार थोड्या मित्रांनीही केलेली आढळते.

या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वधाच्या हुंकारापेक्षा युधिष्ठिराविषयीचा तिटकारा ही आहे. धर्मराज म्हणून पूजिल्या जाणाऱ्या पुरुषाला सज्जन, धर्मभीरू प्रेक्षक नाटकगृहात नापसंत करतात, याचा अर्थ ते रक्तासाठी आसुसलेले होते असा घेणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा राग दिरंगाईवर होता. ज्याने रक्षण करायचे तो नियमावर बोट ठेवून बसला आणि जिचा अपमान झाला तिला दारोदार फिरावे लागले, ही सूडकथेतील खरी जखम असते. वध ही त्या जखमेची पुढची पायरी झाली, आणि परिनिरीक्षकांचे लक्ष मात्र नेहमी त्या शेवटच्या पायरीवरच खिळून राहिले.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सन या कलेक्टरवर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा राग त्यामागे होता, आणि पुढे एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना ठाण्याला फाशी झाली. ‘शारदा’ हे बालावृद्धविवाहावरील सामाजिक नाटक होते; त्याचा सूडाशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु प्रत्यक्ष नाट्यगृहात अधिकाऱ्याचा खून झाल्यावर सरकारला ‘कीचकवधा’च्या प्रेक्षकांचा हुंकार निराळा ऐकू येऊ लागला असल्यास नवल नाही. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा, म्हणजे कलकत्त्याच्या रंगभूमीवरील टवाळीला आळा घालण्यासाठी केलेला आणि कोणताही प्रयोग थांबवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा, हाताशी होताच; १९१० च्या आरंभी ‘कीचकवधा’वर बंदी आली.

कीचक मात्र बंदीने मेला नाही. मद्रासकडे आर. नटराज मुदलियार यांनी काढलेला, दक्षिणेतील पहिला मानला जाणारा मूकपट ‘कीचकवधम्’ हाच होता. आणि ज्या स्मिथ नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराकडून मुदलियार पुण्यात कॅमेरा शिकले, त्याने कर्झनच्या कारकिर्दीचे चित्रीकरण केले होते. महाराष्ट्रात तीच कथा कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी उचलली. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या चित्रकाराने विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने घरच्या घरी कॅमेरा तयार केला, गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या मंडईजवळील आर्यन सिनेमात लागला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. बाळासाहेब यादव भीम झाले होते आणि झुंझारराव पवार कीचक. टिळकांनी पेंटर यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटामुळे, आणि त्यानंतर काही महिन्यांतच टिळक निवर्तले.

रंगमंचावर कीचकाचा गळा आवळला जात असताना प्रेक्षकाला नट दिसत असे. पडद्यावर मात्र त्याला मरण दिसले, आणि माध्यम बदलल्याचा खरा परिणाम येथे जाणवतो. पेंटर यांनी हा वध इतका हुबेहूब साधला होता की लोक हादरून गेले, आक्षेप आले आणि अखेर ते दृश्य काढून टाकावे लागले. खरोखरच खून झाला असावा असा संशय अधिकाऱ्यांना आल्यामुळे धडधाकट झुंझाररावांना त्यांच्यापुढे उभे करावे लागले, अशी आठवण मराठी चित्रसृष्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दृश्य कापल्यावर काय बदलले, असा प्रश्न येथे विचारावासा वाटतो. सैरंध्रीचा अपमान तसाच राहिला, सभेचे मौन तसेच राहिले, आणि पुढे काय होणार हे तर पिटातील पोरालाही कीर्तनातून ठाऊक होते. कात्रीला वध सापडला. कथेचा दाह सापडला नाही. १९१८ च्या चित्रपट कायद्यानुसार मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे मंडळे स्थापन झाली, तेव्हा ही कात्री कायमची झाली, आणि गांधीजींसारखा दिसणारा विदुर दाखवल्याबद्दल १९२१ च्या ‘भक्त विदुर’वर मद्रास आणि सिंधमध्ये बंदी आली.

टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपटविषयक चौकशी समितीने १९२७-२८ मध्ये देशभर फिरून ३५३ साक्षी नोंदवल्या. चित्रपटाविषयीच्या मतांचा भारतातील हा पहिला मोठा संग्रह होय, परंतु त्यात बोलणारे प्रामुख्याने चित्रपटगृहांचे मालक, निर्माते, अधिकारी आणि शिकलेले नागरिक आहेत; पिटातील प्रेक्षकाला काय आवडते हे त्याच्या वतीने इतरांनी सांगितलेले आहे. त्याचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर जत्रेत जावे लागते.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या मोठ्या जत्रांत फिरते तंबू, म्हणजे टुरिंग टॉकीज, अनेक दशके लागत आले. दिवसभर लाउडस्पीकरवरून पुकारा होई, रात्री ताडपत्रीखाली लोक जमिनीवर बसत आणि मागे उभ्या असलेल्या ट्रकमधून प्रोजेक्टरचा झोत पडद्यावर पडे. जेथे प्रोजेक्टर एकच असे तेथे रीळ संपले की अंधार होई. ऑपरेटर नवे रीळ चढवीपर्यंतच्या त्या दोन-तीन मिनिटांत तंबूचे खरे मत बाहेर पडे. आता याला सोडू नये, भावाने आधीच हात उचलायला हवा होता, पोलिसांची वाट पाहून काय उपयोग, अशी चर्चा बिडीच्या धुरात चाले आणि पुन्हा उजेड पडताच थांबे. शिट्टी, पडद्याकडे उधळलेली नाणी, हवेत गेलेला फेटा ही दाद होती. न बोलता उठून पाळण्यांकडे वळलेली माणसे हा तंबूमालकाच्या लेखी सर्वांत कडक अभिप्राय होता. एखादे चित्र ‘चालले’ की ‘पडले’ हे दोनच शब्द त्याला पुरत, आणि उद्या रात्री कोणती पेटी उघडायची हे तो त्यावरून ठरवी.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ या हिंदी सूडपटाच्या बाबतीत हाच इतिहास नव्या रूपात उभा राहिला. पहिल्या आठवड्यांत व्यापारी वर्तुळाने चित्र पडल्याचे जाहीर केले होते. प्रेक्षक टाळ्या वाजवत नव्हते, गप्प बसून पाहत होते, आणि ते मौन नापसंतीचे समजले गेले. पुढे लोकांना संवाद तोंडपाठ आहेत हे कळले, संवादांच्या तबकड्या विकल्या गेल्या आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात चित्र पाच वर्षांहून अधिक काळ टिकले. मौन हाही कौल असू शकतो, हे व्यापाऱ्यांना उशिरा उमगले. परिनिरीक्षकांचा आक्षेप मात्र जुनाच होता. मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या पादत्राणांनी डाकू गब्बरला चिरडतो. एकेकाळच्या पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे आणीबाणीतील मंडळाला मान्य नव्हते, म्हणून अखेरच्या क्षणी पोलीस येतात असा शेवट चित्रित करावा लागला. ज्याने रक्षण करायचे ते शासन सगळे घडून गेल्यावर पोहोचते आणि मग नियम सांगते; म्हणजे विराटाच्या सभेतील मौन चित्रपटातल्या रामगढ गावाच्या माळावर शेवटच्या रिळात आणून बसवण्यात आले. प्रेक्षकांनी तो शेवट वर्षानुवर्षे पाहिला, परंतु लक्षात ठेवली ती ठाकुराची रिकामी बाही.

‘शोले’चा मूळ शेवट फिल्मवर टिकून होता, म्हणून २०२५ साली, ५० वर्षांनी, इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात तो दुरुस्त प्रतीसह मोठ्या पडद्यावर दाखवता आला. ‘सैरंध्री’च्या वाट्याला ते भाग्य आले नाही. तिची प्रत आज उपलब्ध नाही. कापलेला वधही नाही आणि न कापलेला अपमानही नाही. कोल्हापुरात घडवलेल्या त्या कॅमेऱ्याने जे टिपले ते गेले, आणि कीचक मरताना मराठी नाटकगृहातून कोणता आवाज उठत असे हे जाणून घ्यायला चिरोल यांचेच पुस्तक उघडावे लागते.