हळद, नागपूर आणि यंत्रबुद्धी : पेटंट-शोधाच्या साधनांचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

एखादा शोध खरोखर नवा आहे काय, हा पेटंट कायद्यातील पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर देण्यासाठी त्या शोधापूर्वी काय ज्ञात होते, ते धुंडाळावे लागते. या अगोदरच्या ज्ञानास प्रस्तुत लेखात ‘पूर्वज्ञान’ असे म्हटले आहे. गेल्या काही वर्षांत हे धुंडाळण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली सॉफ्टवेअर करू लागली असून महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनाही ती विकत घेण्याचा आग्रह होत आहे. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनी पेटंटला संशोधनाचे गुण दिल्यापासून प्राध्यापकवर्गात याविषयी उत्सुकता वाढली आहे. (केवळ अर्ज प्रसिद्ध झाला म्हणजे पेटंट मिळाले, हा गैरसमज मात्र अजून गेलेला नाही. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. परीक्षा पुढेच असते.)

अशा सॉफ्टवेअरची पारख कशी करावी, हा प्रश्न संगणकशास्त्राचा वाटतो. त्याची खरी कसोटी मात्र जुन्या खटल्यांत आणि जुन्या दप्तरांत आहे, म्हणजेच तो इतिहासाचाही प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

शोधाच्या सीमा

भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ चा. कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी त्याच वर्षी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. ब्रिटिश राजसत्तेची मान्यता न घेतल्यामुळे तो कायदा रद्द होऊन १८५९ मध्ये नव्या स्वरूपात आला. पुढे १९११ चा कायदा आणि स्वातंत्र्यानंतर न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे झालेला १९७० चा कायदा, हा क्रम सर्वपरिचित आहे. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनी याच काळात आपल्या मुद्रणयंत्रांसाठी विलायत गाठली. त्यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले असल्याने त्याची पुनरुक्ती येथे नको.

आपल्या विषयाच्या दृष्टीने १९७० च्या कायद्यातील कलम १३ महत्त्वाचे आहे. परीक्षकाने पूर्वज्ञानाचा शोध कोठे घ्यावा, हे ते सांगते. आणि भारतीय पेटंट-विवरणांपुरती त्यात १ जानेवारी १९१२ ही तारीख घातलेली आहे. त्यानंतरच्या अर्जांची विवरणे पाहणे परीक्षकाचे कर्तव्य. शोधाच्या प्रत्येक साधनाला अशी एक सीमा असते. कायद्याने ती उघडपणे लिहून ठेवली. सॉफ्टवेअर विकणारे ती क्वचितच लिहितात, एवढाच फरक.

विदर्भाचा या इतिहासाशी थेट संबंध १९८० मध्ये आला. जगभरातील पेटंट-विवरणे एकत्र करून संशोधन संस्था, उद्योग आणि संशोधक यांना माहिती पुरवावी, या हेतूने केंद्र शासनाने नागपूर येथे पेटंट इन्फर्मेशन सिस्टीम स्थापन केली. पुढे त्याच शहरात बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. ती राजीव गांधी यांच्या नावाने ओळखली जाते. युरोपात व्हिएन्नाच्या इनपाडॉक केंद्राने १९७२ पासून अशीच सूची चालविली होती. पुढे १९९८ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाची एस्पेसनेट ही मोफत सेवा आली, २००६ मध्ये गूगल पेटंट्स आले, आणि दस्तऐवजासाठी कार्यालयाची पायरी चढण्याची गरज उरली नाही.

हळदीचा दावा

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. दावा होता हळदीच्या वापराने जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर. पेटंटधारक संशोधक मूळचे भारतीय होते, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना बोचली. पण कायद्याच्या दृष्टीने तिला काही महत्त्व नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) ऑक्टोबर १९९६ मध्ये पुनर्परीक्षणाचा अर्ज केला आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी मजकूर होता, काही संदर्भ शंभर वर्षांहून जुने होते. १९९७ च्या ऑगस्टमध्ये दावे फेटाळले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये प्रमाणपत्र निघून प्रकरण संपले.

या खटल्याची कथा आपल्याकडे विजयगाथा म्हणून सांगितली जाते. त्यातील एक तपशील मात्र दुर्लक्षित राहतो. सादर झालेल्या संदर्भांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेख होता, आणि तो इंग्रजीत होता. म्हणजे परीक्षकास संस्कृत येत नव्हते, एवढ्याने सगळे स्पष्ट होत नाही. त्या काळी वैद्यकीय लेखांचा मेडलाइन हा संगणकीय संग्रह मुख्यतः १९६६ पासूनचे लेख देत असे. १९५३ चा लेख भाषेच्या सीमेत होता, काळाच्या सीमेबाहेर होता. शिवाय तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार परदेशातील केवळ वापर पूर्वज्ञान ठरत नव्हता. छापील पुरावा लागे. आजीने जखमेवर हळद दाबली, ही गोष्ट कोट्यवधी लोकांना ठाऊक असूनही ती पुरावा नव्हती. हे बंधन अमेरिकेत २०१३ पासून लागू झालेल्या सुधारणेने सैल झाले.

कडुनिंबाच्या प्रकरणात वेगळे घडले. कडुनिंबाच्या अर्काच्या बुरशीनाशक वापराचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले व २००५ मध्ये अपील फेटाळले गेले. तेथे प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्या भारतीय व्यक्तीची साक्ष विचारात घेतली गेली. साक्ष देणारा माणूस कोणत्याही संग्रहात सापडत नाही, तो शोधून काढावा लागतो.

या अनुभवांतून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय (टीकेडीएल) सुरू झाले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत परीक्षकांपुढे ठेवण्याची ही योजना. २००९ मध्ये युरोपीय कार्यालयाला त्याची दारे उघडली. हे काम मोठे आहे यात शंका नाही. तथापि त्याचा पाया ग्रंथांचा आहे; गोंडीतून किंवा झाडीबोलीतून तोंडी चालत आलेले ज्ञान त्या पायात नाही.

यंत्राची परीक्षा

शोधसाधन किती चांगले, हे मोजण्याची रीत इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांच्या प्रयोगांतून १९५७ नंतरच्या दशकात घडली. सापडायला हवे होते त्यांपैकी किती सापडले, हा रिकॉल. सापडले त्यांपैकी कामाचे किती, ही प्रिसिजन. नेहमीच्या वाचकाला दुसऱ्या मापाने समाधान मिळते. पेटंट-शोधात पहिलेच माप निर्णायक असते, कारण न सापडलेला एकच कागद पेटंट पाडू शकतो.

१९८५ मध्ये ब्लेअर व मॅरन यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात प्रत्येक ग्रंथपालाने वाचावा. एका दाव्यातील सुमारे ४० हजार दस्तऐवजांत वकिलांनी संगणकाद्वारे शोध घेतला. आवश्यक कागदांपैकी किमान ७५ टक्के मिळाले, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात सुमारे २० टक्केच मिळाले होते. समोर आलेले कागद चांगले होते, म्हणूनच उरलेल्यांची शंका कोणाला आली नाही.

आजची यंत्रे शब्दाला शब्द जुळवीत नाहीत; मजकुराचे संख्यारूप करून अर्थाची जवळीक मोजतात. शब्दशोधाच्या काही अडचणी यामुळे खरोखर दूर झाल्या. आपल्याच जिल्ह्यात ‘अर्जुनी’ असा शोध घेतला तर सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे दोन्ही तालुके एकत्र येतात. संदर्भ पाहणारे यंत्र त्यांना वेगळे करू शकते. मोहाचे झाड जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘बॅसिया लॅटिफोलिया’ या नावाने येते आणि आज ‘मधुका’ या नावाने. ही दोन नावे एकाच वृक्षाची आहेत, हे चांगल्या यंत्राला कळायला हवे. अर्जांची संख्या पाहता यंत्राची गरजही नाकारता येत नाही. भारतात २०१०-११ मध्ये सुमारे ३९ हजार अर्ज आले होते, २०२३-२४ मध्ये ते ९२ हजारांवर गेले.

तरीही खरेदीपूर्वी परीक्षा घ्यावी, आणि ती उत्तर माहीत असलेल्या प्रश्नांवर घ्यावी. रद्द झालेली पेटंटे यासाठी आयती प्रश्नपत्रिका आहेत. दाव्याचा मजकूर यंत्राला द्यावा आणि ज्या संदर्भांनी ते पेटंट पडले, त्यांपैकी किती यंत्र स्वतःहून आणते, ते मोजावे. येथे एक अडचण लक्षात घेणे आवश्यक आहे. हळदीच्या खटल्यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एवढे लिहिले गेले आहे की भाषिक प्रारूपांनी तो आधीच वाचलेला असणार. अशा यंत्राला हळदीचा प्रश्न विचारणे म्हणजे फुटलेली प्रश्नपत्रिका देणे होय. म्हणून फारशी चर्चा न झालेली प्रकरणे निवडावीत, आणि पेटंटच्या तारखेनंतरचे सर्व लेखन बाजूला ठेवून मगच मोजणी करावी.

दुसरी अडचण रचलेल्या संदर्भांची. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने तयार केलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना ५ हजार डॉलर दंड झाला. पेटंटचा क्रमांक खरा वाटणे आणि खरा असणे यांत फरक आहे. प्रत्येक क्रमांक मूळ कार्यालयाच्या संकेतस्थळावर उघडून पाहिल्याविना अहवालात घेऊ नये. शिवाय अर्ज न केलेला शोध परक्या संगणकावरील सेवेत टाकण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात. आपल्याकडे हे टाळण्याची सवय फार आहे.

गोंदिया जिल्ह्यातील दप्तर

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे जुने छापील पूर्वज्ञान भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरसारख्या ग्रंथांत आणि जॉर्ज वॅट यांच्या १८८९ ते १८९३ दरम्यान निघालेल्या आर्थिक उत्पादनांच्या कोशात आहे. मोह, लाख, धान यांविषयीच्या नोंदी तेथे आहेत. स्कॅन केलेल्या जुन्या पानांतील अक्षरे यंत्राने चुकीची वाचली, तर मात्र अर्थाची जवळीक मोजणारी प्रणालीही तेथे निरुपयोगी ठरते.

छापील नसलेल्या ज्ञानाचे उदाहरण दूर शोधायला नको. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी निवडीने तयार केलेले ‘एचएमटी’ धान विदर्भभर पेरले गेले. कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केले आणि श्रेयाचा वाद झाला. हा विषय पेटंटचा नसून वाणांच्या हक्काचा आहे, हे खरे. परंतु निवड करणाऱ्या शेतकऱ्याने निबंध लिहिलेला नसतो, ही वस्तुस्थिती दोन्हीकडे सारखीच आहे.

भारतीय कायद्याने याची दखल घेतली आहे. २००२ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये स्थानिक समाजातील ‘तोंडी अथवा अन्य’ ज्ञान हे विरोधाचे कारण म्हणून मान्य झाले. त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या आहेत. यांतील पारंपरिक माहिती सरसकट प्रसिद्ध करू नये, असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. उघड केलेली माहिती पुन्हा झाकता येत नाही. पण न उघडलेली नोंद कोणत्याही बाजारी सॉफ्टवेअरच्या संग्रहात असणार नाही, हेही त्यातून ओघाने येते. ‘पूर्वज्ञान आढळले नाही’ असा अहवाल एखाद्या वनौषधीविषयी यंत्राने दिला, तर त्याचा अर्थ फक्त त्या संग्रहापुरता घ्यावयाचा असतो.

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपूर येथे स्थापन झाले. त्याचे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि बौद्धिक संपदा संस्थाही सिव्हिल लाइन्समध्येच, हिस्लॉप कॉलेज मार्गावर आहे. एखाद्या प्राध्यापकास मोहफुलावरील प्रक्रियेचा अर्ज करावयाचा असेल, तर आज त्याला पेटंटचा शोध एका ठिकाणी आणि गावाची नोंदवही दुसऱ्या ठिकाणी, समितीच्या संमतीने, पाहावी लागेल.