मोच्याची आरी

लग्नसराईत ज्या आरी वर्कच्या ब्लाउजसाठी नवरीकडचे हजारो रुपये मोजतात, त्याचं हत्यार, म्हणजे आरी, मुळात जोडे शिवणाऱ्यांचं. गुजरातेत कातड्यावर भरतकाम करण्याची कला जुनी. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तिथल्या लाल-निळ्या कातड्याच्या, सोन्याचांदीच्या तारेने पशुपक्षी भरलेल्या चटयांचं वर्णन केलं आहे.

पुढे कच्छच्या मोच्यांनी हीच आरी बारीक करून रेशमी कापडावर चालवली. सिंधच्या एका फकिराने त्यांना हे काम शिकवलं, अशी आख्यायिका आहे. भुजच्या दरबारासाठी ते घागरे, तोरणं भरत.

काम दिसतं सोपं. कापड चौकटीवर ताणायचं. डाव्या हातात, कापडाखाली दोरा. उजव्या हातातली आरी सरळ खाली जाते, टोकाच्या खाचेत दोरा पकडते आणि त्याचा फास वर आणते. पुढचा फास आधीच्या फासातून निघाला की झाली साखळी. शिकणारा अडतो तो आरी वर घेताना: ती अर्धी फिरवली नाही, तर खाच कापडाचाच धागा ओढते. एकदा हात बसला की मात्र आरी सुईला मागे टाकते, कारण दर टाक्याला अख्खा दोरा आरपार ओढावा लागत नाही.

सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून गुजरातचं साखळी टाक्याचं भरतकाम इंग्लंडला जात होतं. अठराव्या शतकात युरोपातल्या स्त्रिया ढोलकीसारख्या गोल चौकटीवर आरीसारखाच आकडा चालवू लागल्या. १७७० मध्ये फ्रान्सच्या राजाचा नक्षीकार सेंत-ओबँ याने भरतकामावरच्या ग्रंथात ही रीत नोंदवली. १८३० मध्ये फ्रेंच शिंपी तिमोनिए याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याची सुईही आकड्याचीच होती आणि टाकाही साखळीचा. पोटावर पाय येणार म्हणून पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रं फोडली.

या टाक्यात एक खोट आहे. शेवट मोकळा राहिला, तर दोरा ओढताच सगळी ओळ उसवते. म्हणून कपड्यांसाठी दोन दोरे एकमेकांत अडकवणारा टाका पुढे आला. १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास हाऊने अशा टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. धान्याच्या पोत्याचं तोंड मात्र आजही साखळीनेच शिवतात, कारण तिथे एका झटक्यात उसवणं हाच फायदा. ब्लाउजवर मात्र ती खोटच, म्हणून घेण्याआधी तो उलटून पाहावा. आतल्या बाजूला साधी सरळ ओळ दिसते. तिची टोकं पक्की केली आहेत ना, एवढं तपासावं आणि मगच पैसे मोजावेत.